पत्त्यांची नोकरी

सकाळचा लिलाव आटोपला, गोण्या उचलल्या गेल्या, की आमच्या अडतीवर चार म्हातारे जमतात. थोडं पीकपाणी होतं, थोडं गुडघेदुखीचं होतं, आणि मग कुणीतरी माझ्याकडे मान वळवून म्हणतंच, "सुधाभाऊ, पत्त्यांचा एखादा होऊन जाऊ द्या!"

लोकांना वाटतं, पत्तेबाजाकडे जिंकल्याचे किस्से साठलेले असतील. तसं होत नाही. जिंकलेला डाव त्याच दिवशी खर्चून जातो. जिथं मान खाली गेली तोच किस्सा मागे राहतो. आणि लेकाचा एकटा राहत नाही! एक आठवला की त्याच्या मागून दुसरा खाकरतो, दुसऱ्याच्या मागून तिसरा.

महाराष्ट्र नुकताच झाला होता, तेव्हापासून पुढची सात वर्षं मी पत्त्यांवर जगलो. शौक म्हणून नाही, धंदा म्हणून. जळगाव जामोदला मन्साराम टेलरच्या दुकानात मागे एक खोली होती, मधे पडदा. पडद्याच्या पुढे मशीन चालायची, पडद्याच्या मागे तीन पत्ती चालायची. तिला आम्ही फ्लश म्हणायचो, इंग्रजीत म्हटलं की जुगार वाटत नाही! सकाळी बाबा मळ्यात जायचे, आणि मी इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात जायचो. दोघंही संध्याकाळी दमून घरी.

आता सांगतो. पण हसाल तर पुरतं हसा, अर्धवट हसू नका.

•

धंद्यातला पहिला धडा मला देविदास कंपाउंडरनं शिकवला. त्याला स्वतःला ते कधीच कळलं नाही.

देविदास सरकारी दवाखान्यात मिक्श्चर बनवायचा. दुपारी दवाखाना बंद झाला की थेट पडद्यामागे. भला माणूस. पण त्याला एक खोड होती. पानं वाईट आली तर तो ती मांडीवर धरून बघायचा. आणि चांगली आली की डोळ्यांसमोर उंच धरायचा, एक डोळा बारीक करायचा. बाटलीत औषध किती आलं ते पाहतात ना, अगदी तसं!

हे माझ्या लक्षात आलं तिसऱ्या दिवशी. पुढे वर्षभर त्या एका डोळ्यावर माझं घर चाललं. तो डोळा बारीक झाला की मी ‘पॅक’ म्हणून पानं फेकायचो. नाही झाला की रेटायचो.

बिचारा विचारायचा, "सुधाभाऊ, माह्याकडं बाजी हाय हे तुमाले कसं समजते?"

"अंदाज, दुसरं काय!"

त्याच पावसाळ्यात आईला ताप आला. उतरेचना. देविदास रोज दवाखान्यातून आमच्या घरी यायचा, पाण्यापावसात, सायकल ढकलत. एक पैसा घेतला नाही. आईच्या उशाशी बसून त्यानं सुई भरली, उजेडाकडे उंच धरली, आणि एक डोळा बारीक केला.

खोटं सांगत नाही, माझ्या तोंडून शब्द निघून गेला.

"पॅक!"

आईनं तापातही डोळे उघडले. देविदास म्हणाला, "काय म्हनले?"

मी म्हणालो, "काही नाही, खिडकी पॅक करतो. वारा येतो."

आई बरी झाली. आणि दुसऱ्या आठवड्यात मी परत देविदासच्या डोळ्याकडे बघत बसलो.

•

नाव झालं की माणसाला बाहेरगावची बोलावणी येतात. वैद्याला येतात, कीर्तनकाराला येतात, तशी मलाही यायला लागली. एकदा सुलतानपूरला गेलो. एस.टी.नं जाताना अर्धा दिवस मोडला. एका गोठ्याच्या शेजारी सतरंजी अंथरली होती आणि समोर पाच-सहा मंडळी. त्यात किसनजी म्हणून एक सत्तरीचे म्हातारे, डोक्याला मुंडासं, तोंडात सुपारी.

डाव सुरू झाला. सगळ्यांनी पानं उचलून पाहिली, किसनजींनी पाहिलीच नाहीत. "चाल ब्लाइंड!"

पुन्हा त्यांची पाळी आली. "ब्लाइंड!"

तिसऱ्यांदाही तेच. चेहऱ्यावरची माशी हलेना. सुपारी तेवढी एका गालातून दुसऱ्या गालात.

माझ्या हातात राजाची जोडी होती. पण असा माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता! मनात म्हटलं, सुधाकर, हा कुणीतरी जुना खिलाडी आहे. दहा गावचं पाणी प्यालेला. याच्या नादी लागू नकोस. मी पॅक केलं.

पुढच्या डावातही म्हातारा ब्लाइंडच. माझ्याकडे रंग होता, एक्क्याचा. घाम फुटला, पॅक केलं. दुपार उतरेपर्यंत हेच चाललं. म्हातारा पानांकडे ढुंकून बघत नव्हता आणि मी चांगली चांगली पानं पालथी टाकत होतो. मी घाबरलो म्हणून बाकीचेही घाबरले. नामांकित खेळाडू मागे सरतोय म्हटल्यावर काहीतरी असणारच ना!

शेवटी जायला निघालो तेव्हा हात जोडले. म्हटलं, "किसनजी, एवढी हिंमत कुठून आणली? एकदाही पान पाहिलं नाही तुम्ही."

म्हातारा म्हणाला, "कायचं पान पाहू बाप्पा? चष्मा घरी राह्यला!"

सगळी सतरंजी लोळली. किसनजी मात्र गंभीरपणे माझ्याकडे वाकून म्हणाले, "पन मले एक सांगा भाऊ. मले काही दिसत नव्हतं, हे बरोबर हाय. तुमाले तं दिसत व्हतं. तुमी काऊन एवढे भेऊन राह्यले व्हते?"

परतीच्या एस.टी.त तीन तास याचं उत्तर शोधत होतो. कंडक्टरनं तिकीट मागितलं तर त्यालाही दोनदा "पॅक" म्हणालो असेन.

•

आता लग्नाचा सांगतो. हा सांगताना आमच्या घरात कुणी आसपास नाही ना, हे मी आधी बघून घेतो.

मुलगी डोणगावची. कमल. बघायला गेलो तेव्हा माझ्यासोबत बाबा आले नाहीत. "तू काय करतो ते मले सांगता येत नाही, आन खोटं बोलता येत नाही," एवढंच म्हणाले. म्हणून मामाला नेलं. मामाला दोन्ही येत होतं.

पोहे झाले. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "पोरगा काय करते?"

मामा म्हणाले, "पत्त्यांचं काम करते."

मी मामाकडे बघितलं. मामा छताकडे बघत होते.

"पत्त्यांचं? म्हनजे... पोष्टात?"

मामानं पाण्याचा पेला तोंडाला लावला. एवढा मोठा पेला मी कधी पाहिला नाही, संपेचना! सासरे त्याचा अर्थ हो असा समजले. त्यांचा चेहरा उजळला. आतल्या दाराकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "आयकलं का वो, पोष्टात हाय!"

मी पायाचा अंगठा बघत बसलो. वाटलं, आता बोलावं. "नाही हो, टपालाचे पत्ते नाहीत, दुसरे पत्ते." एवढी सात-आठ शब्दांची गोष्ट. पण तेवढ्यात ती चहा घेऊन आली. आणि मी बोललो नाही.

"काम तरासाचं असन?" सासऱ्यांनी विचारलं.

मामा म्हणाले, "बसून असते. पन डोकं लय लावा लागते. हात साफ पाह्यजे. एक पत्ता चुकला, खेळ खलास!"

"हाव, हाव! एक पत्ता चुकला, तं कोनाची चिठ्ठी कोनाच्या घरी!"

लग्न झालं. तसंच झालं, पोष्टात.

चार-पाच महिन्यांनी सासरे जळगावला आले. लेकीच्या आईची चिठ्ठी होती त्यांच्याकडे. घर माहीत होतं, पण जावयाला कचेरीत बसलेलं बघायची हौस! थेट पोस्टात गेले. खिडकीपाशी उभे राहून सांगितलं, "आमचे जावई बोलवा." पोस्टमास्तर सज्जन. ते हसले नाहीत. शिपायाला म्हणाले, "यांना मन्साराम टेलरकडे घेऊन जा."

पडदा बाजूला झाला तेव्हा माझ्या हातात तीन पानं होती. तीन गुलामांची ट्रेल, आजही आठवते. सासरे उभे. अंगात लग्नातलाच कोट, भर उन्हाचा. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सतरंजीवरच्या पत्त्यांकडे. ओरडतील असं वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी कोटाच्या खिशातून चिठ्ठी काढली आणि माझ्यापुढे धरली.

"जावईबापू, ही तेवढी घरी नेऊन द्या. एवढं टपाल तरी तुमच्या हातून वाटलं जाऊ द्या."

आणि आल्या पावली पुढची एस.टी. धरून डोणगावला. लेकीलाही न भेटता.

संध्याकाळी चिठ्ठी कमलपुढे ठेवली आणि सगळं कबूल केलं. ती भाकरी थापत होती. थापतच राहिली.

"मले तिसऱ्याच दिवशी समजलं व्हतं," ती म्हणाली. "पोष्टातल्या मानसाच्या सदऱ्यात एखांदं तिकीट तरी सापडन का नाही? तुमच्या सदऱ्यात इस्पिकची राणी सापडली."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी सांगाल म्हनून वाट पाहून राह्यली व्हती," ती म्हणाली, आणि भाकरी तव्यावर टाकली.

•

मधे एक लहानसा सांगतो, म्हणजे माझाही घसा मोकळा होईल.

आमच्यात एक कापसाचे शेठ होते. रोज दोनला यायचे, पाचला जायचे. आणि रोज, प्रत्येक डावात पॅक! पानं उचलायची, बघायची, टाकायची. दोन वर्षांत मी त्यांना एकदाही पूर्ण डाव खेळताना पाहिलं नाही.

एकदा त्यांनी पानं टाकली आणि वाऱ्यानं ती उलटली. तीन राण्या!

मन्साराम ओरडला, "शेठ! तीन राण्या टाकून देल्या?"

शेठ बशीत चहा ओतत होते. म्हणाले, "अरे बाबा, आता त्यांच्यामागं लागलो असतो, तर चहा थंड झाला असता."

मी अख्ख्या जिल्ह्यात खेळलो, पण धंदा कळलेला माणूस एवढाच भेटला.

•

मन्सारामचा एक पाय लहानपणीच गेला होता. मशीन एका पायानं चालवायचा, आणि अशी चालवायचा की दोन पायांवाल्यांनी बघत राहावं.

एके दिवशी भर दुपारी पोलीस आले. नवीन हवालदार होता, त्याला आमचा परिचय नव्हता. पुढच्या दुकानात बुटांचा आवाज झाला आणि आम्ही मागच्या खिडकीतून बाहेर! शेठ साठीचे, पण पहिली उडी त्यांची. दुसरी देविदासची. तिसरी माझी.

मी पडलो तो शेजारच्या अंगणात. तिथं लाल मिरच्या वाळत घातलेल्या! पडलो तो नाकावरच. शिंका सुरू झाल्या. तोंडात उपरणं कोंबलं, तरी शिंक थांबेना. भिंतीपलीकडे हवालदार विचारत होता आणि मला सगळं ऐकू येत होतं.

"आणखी कोण कोण होतं?"

"कोनीच नाही साहेब," मन्सारामचा आवाज.

"मग पानं चौघांना वाटलेली कशी?"

"मी एकटाच खेळतो. चारीकडून!"

"आणि पलीकडे शिंकतंय कोण?"

"त्या घरी सर्दीची साथ हाय, साहेब."

त्याला नेलं. दोन दिवस आत ठेवलं. त्या दोन दिवसांत मी काय केलं? काही नाही. घरी बसलो. कमलला सांगितलं, डोळे आलेत. देविदासनं सांगितलं, ड्यूटी आहे. शेठ तर मुंबईलाच गेले म्हणे!

तो सुटून आला तेव्हा गेलो. तोंड कुठं लपवावं कळेना. मन्साराम मशीनवर बसला होता. मी म्हणालो, "मन्साराम, चुकलं माझं. थांबायला पाहिजे होतं."

तो दोरा ओवत म्हणाला, "कायले मनाले लावून घेता? तुमाले पळता येते, तुमी पळाले. मले पळता येत नाही, म्हनून मी इमानदार ठरलो. दोघाइचाही विलाज नव्हता."

माझी एक पँट त्याच्याकडे शिवायला होती. पुढच्या आठवड्यात त्यानं ती घरी पाठवून दिली. फिटिंग एकदम झकास. घालून बघितली, हात खाली नेले. खिसेच नाहीत! ना उजवा, ना डावा.

दुकानात जाऊन विचारलं, "खिसे विसरलास काय रे?"

"इसरलो नाही," तो म्हणाला. "पळनाऱ्या मानसाले खिसे कायले पाह्यजे? उगाच वजन होते."

ती पँट मी फाटेपर्यंत घातली. खिसे लावून घेतले नाहीत.

•

शामराव बँडवाल्याचा किस्सा मी खरं तर सांगत नाही. पण आज निघालाच आहे तर...

शामरावचा बँड म्हणजे आमच्या भागातली शान. लाल कोट, सोनेरी फीत, आणि हातात काळं चकचकीत क्लॅरिनेट. ते वाजायला लागलं की नवरदेवाची घोडीसुद्धा मान हलवायची. फुरसतीच्या दिवसांत शामराव पडद्यामागे यायचा. खेळाडू भोळा. चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं.

एका दुपारी तो हरत गेला. मी थांबवू शकलो असतो. धंद्यातला एक धडा असा असतो की माणूस तापला की त्याच्याशी खेळायचं. त्याच्या भल्यासाठी नव्हे, हे वेगळं सांगायला नको. शेवटी त्यानं क्लॅरिनेट सतरंजीवर ठेवलं.

देविदास म्हणाला, "सुधाभाऊ, जाऊ द्या."

मी म्हणालो, "ठेवणाऱ्यानं ठेवलंय. मी मागितलं का?"

मी जिंकलो. क्लॅरिनेट घरी नेलं आणि माळ्यावर टाकलं.

पुढच्या महिन्यात माझ्या चुलतबहिणीचं लग्न. काकांनी बँड ठरवला, शामरावचा. मला माहीतच नव्हतं. वरात निघाली. ढोल, ताशा, तुतारी, सगळे होते. आणि पुढे शामराव, पूर्ण पोशाखात, कोटाची सगळी बटणं लावून. गाल फुगवलेले, दहाही बोटं तोंडासमोर नाचताहेत, आणि हातात काही नाही!

लोकांना वाटलं, गंमत चाललीय. पोरं टाळ्या पिटायला लागली. पाहुणे हसून हसून वाकले. शामराव गंभीर चेहऱ्यानं ओळीनं सूर फुंकत चालला होता, एकही चुकवत नव्हता. गाणं जिथं उंच जातं तिथं त्याच्या भुवया वर जात होत्या.

मी सायकल हाणत घरी गेलो. माळ्यावरून क्लॅरिनेट काढलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं, आणि वरात मारुतीच्या पारापाशी पोचायच्या आत त्याच्यासमोर उभा राहिलो. "शामराव, घे. वाजव."

तो थांबला. मागचा ताशा थांबला. त्यानं ते हातात घेतलं, एकेक बटण दाबून बघितलं, एखादी आई परगावाहून आलेल्या लेकराला चाचपून बघते तसं. आणि मला परत दिलं.

"भाऊ, मी हारलो व्हतो. भीक नव्हती मांगतली."

आणि पुन्हा गाल फुगवून चालायला लागला.

त्या मांडवात मी जेवलो नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही, एवढी गर्दी होती.

क्लॅरिनेट परत माळ्यावर गेलं. वर्षभरानं शामरावच्या मुलीचं लग्न निघालं. कमलनं मला न विचारता ते खाली काढलं, नव्या खणात गुंडाळलं, आणि एकटी जाऊन मुलीच्या ओटीत ठेवून आली. बाईच्या हातचा आहेर परत करता येत नाही. त्या संध्याकाळी वेशीपलीकडून आवाज आला. मी अंगणात होतो. उठून घरात गेलो आणि दार लावून घेतलं.

•

आता शेवटचा. हा तुमच्यापैकी कुणीच ऐकलेला नाही.

तेव्हा माझ्या धंद्याला चार वर्षं झाली होती. या किस्स्यानंतरही मी तीन वर्षं खेळलो. ते का खेळलो, हे मात्र मला विचारू नका.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्ते खेळायची रीत आहे. वर्षाचा तेवढा एक दिवस पत्त्यांना कुणी नावं ठेवत नाही. सकाळी पितरांच्या घागरी भरायच्या, दुपारी पुरणपोळी-आमरस चापायचा, आणि मग आंब्याखाली सतरंजी टाकायची. माहेरवाशिणी झोक्यावर आणि बाकी सगळे पत्त्यांवर. सासू-सुना, काका-पुतणे, सगळे!

मी त्या दिवशी घरात खेळत नसे. हलवायानं घरी येऊन पेढा काय खायचा? पण त्या वर्षी धाकटा भाऊ रामदास मागे लागला, "दादा, बस ना बे!" बसलो. पैशाऐवजी चिंचोके होते. कमल होती, काकू होती, आणि मी पोरासोरांना जिंकू देत होतो.

बाबा विहिरीपाशी बसले होते. बाबांनी जन्मात पत्त्याला हात लावला नव्हता, आखाजीलाही नाही. बाजारात वांगी मोजून झाली की त्यावर एक वांगं जास्तीचं टाकणारा माणूस. गिऱ्हाईक म्हणायचं, "माळीबुवा, जास्त झालं." तर म्हणायचे, "कमी होन्यापक्षा बरं."

ते उठून आले. रामदासला सरकवून माझ्यासमोर बसले.

"मलेही वाटा," म्हणाले.

झोकाही थांबला. काकू म्हणाली, "भाऊजी, येते का तुमाले?"

"मघापासून पाहूनच राह्यलो," बाबा म्हणाले.

मी पानं वाटली. चार वर्षं या हातांनी हजार डाव वाटले, पण त्या दिवशी बोटं ओली झाली होती. दोन-तीन डाव झाले. बाबा हरले, हरले, मग एकदा जिंकले. पोरं खूश. आणि मग मला दिसलं.

बाबांच्या मांडीखालून धोतराच्या काठाशी एका पानाचा कोपरा बाहेर आला होता.

आधी वाटलं, चुकून गेलं असेल. पण पुढचा डाव वाटला, बाबांनी पानं उचलली, एक मांडीशी नेलं, आणि मांडीखालचं वर आलं. इतकं अडाणीपणानं, की शाळेतलं पोरही त्यापेक्षा बरी लबाडी करेल! कुणी बघितलं नाही. पण मला न दिसून कसं चालेल? माझा धंदाच तो.

बाबांनी पानं पसरली. तीन एक्के!

एकच गिल्ला झाला. पोरं नाचायला लागली. रामदास म्हणाला, "बाबाइनं तं कमालच केली! दादा रोजचा खेळनारा हाय, त्याले इचारा. काऊन दादा, बरोबर हाय ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाबाही. त्यांची नजर हलत नव्हती.

"काऊन रे सुधा," ते म्हणाले, "बरोबर हाय का?"

माझ्या हातात पानं होती. ती मी पालथी ठेवली.

"बरोबर हाय, बाबा. तुमी जिंकले."

बाबांनी सगळे चिंचोके गोळा केले, पोरांच्या ओंजळीत वाटून टाकले आणि उठले. डाव मोडला. बायका भांड्यांकडे गेल्या, पुरुष सावली बघून लवंडले. बाबा फावडं खांद्यावर टाकून मळ्याकडे निघाले. मी मागे गेलो. का गेलो, ते माहीत नाही. पाय गेले.

पाटाला पाणी होतं. बाबा पाटाच्या कडेला उभे राहिले, धोतराच्या घडीतून पान काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. चौकटची सत्ती होती.

"पाह्यलं व्हतं ना तुवा?"

"हाव."

"मंग बोलला काऊन नाही?"

मी खाली बघत म्हणालो, "चारचौघांत तुमाले लाज वाटली असती, बाबा."

बाबांनी फावडं मातीत रोवलं.

"मले चार वर्सांपासून वाटूनच राह्यली बे," ते म्हणाले, आणि पाणी वांग्यांकडे वळवलं.